मदत हवी आहे: २०१० ची होंडा सिटी ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सचं ऑइल बघायचं कसं आणि बदलायचं की नाही?

सिटीवाला_पुणे

नमस्कार मंडळी, गाडी २०१० ची होंडा सिटी पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक, रनिंग सव्वा लाखाच्या पुढे. बाबांची गाडी, आता माझ्याकडे आलीये. १५ वर्षं झाली म्हणून आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करून घेतली, त्यामुळे आता विकायची नाही हे घरात नक्की आहे, मग तिला नीट तरी ठेवावं म्हणून हा खटाटोप.

तक्रारी दोन. सकाळी थंड गाडीला रिव्हर्स टाकला की दोनेक सेकंद काहीच होत नाही आणि मग धप्पकन लागतो. दुसरी म्हणजे ४५-५५ च्या वेगात हलक्या पायाने चाललो की गाडी थरथरते, अगदी रंबलरवरून गेल्यासारखी, ॲक्सिलरेटर जरा दाबला किंवा सोडला की गायब. आधी वाटलं व्हील बॅलन्सिंग, ते करून झालं, फरक शून्य.

बाबांची फाइल म्हणजे बँकेचं लॉकर, प्रत्येक बिल जपलेलं, पण त्यात गिअरबॉक्स ऑइलचं एकही बिल नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणे ते लाइफटाइम असतं, हात लावू नका. घराजवळचा गॅरेजवाला म्हणतो मशीन लावून सगळं फ्लश करू, एकदाच काय तो खर्च. दोघं अगदी उलटं बोलतायत, ऐकू कुणाचं? आणि मुळात लेव्हल बघायची कशी, मला तर त्याची डिपस्टिकच सापडेना.

नाक्यावरचा

हात लावू नको भाऊ. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं ऑइल बदललं आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला. जुनं ऑइल आहे म्हणून चाललंय.

पाना_आणि_पक्कड

@नाक्यावरचा हे सगळीकडे ऐकू येतं, पण त्यात अर्धी गोष्ट सुटते. लोक ऑइल बदलायला जातात तेच मुळी गिअर स्लिप व्हायला लागल्यावर. क्लच प्लेटा आधीच घासून संपलेल्या असतात, मग गिअरबॉक्स जातो आणि बोल लागतो नव्या ऑइलला. ह्यांची गाडी स्लिप होत नाहीये ना? म्हणजे चढाला आरपीएम चढतोय आणि गाडी जागची हलत नाही असं काही? नसेल तर बदलायला अजून वेळ गेलेली नाही.

तुमची ४५-५५ ची थरथर ओळखीची आहे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असतो, त्याच्या आत दोघांना थेट जोडणारा लॉकअप क्लच असतो, हलक्या पायाने एका वेगात चाललं की तो लागतो. ऑइल जुनं झालं की त्यातली घर्षण सांभाळणारी ॲडिटिव्ह संपतात, मग तो क्लच गुळगुळीत न बसता पकड-सोड करत बसतो. पाय दाबला की लॉकअप सुटतो, म्हणून थरथर गायब. बॅलन्सिंगने ती जाणारच नव्हती. मात्र गाडी उभी असताना डी मध्ये ब्रेक दाबून हादरत असेल तर ते इंजिन माउंटिंग, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

डॅशवरचा डी चा दिवा लुकलुकतो का ते सांगा. लुकलुकत असेल तर आधी स्कॅनर लावून कोड वाचा, कारण ह्या गिअरबॉक्सला ऑइलचा दाब ओळखणारे प्रेशर स्विच असतात आणि ते बिघडले तरी गिअर धक्का देऊनच पडतात.

सिटीवाला_पुणे

दिवा लुकलुकत नाही. स्लिपही नाही, परवाच खंबाटकी चढून आलो, मस्त गेली.

कॅमरीकाका

लेव्हल बघायला सोप्पं आहे रे. गाडी गरम करायची, इंजिन चालू ठेवून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवायचा, पी मध्ये आणायचा आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढायची. मी वर्षानुवर्षं असंच बघतोय.

पाना_आणि_पक्कड

काका, तुमच्या टोयोटाला ते शंभर टक्के बरोबर, होंडाला नाही. होंडाची लेव्हल इंजिन बंद करून बघतात. सपाट जागी गाडी उभी करा, रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत चालू ठेवा, मग बंद करा आणि साधारण एका मिनिटाने डिपस्टिक काढा, दीड मिनिटाच्या पुढे जाऊ नका. पुसायची, परत पूर्ण घालायची, काढून बघायची. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये पाहिजे. चालू इंजिनवर बघितलं तर लेव्हल कमी दिसते, माणूस वर ओततो, आणि जास्त झालेल्या ऑइलला फेस येऊन नवीनच दुखणं सुरू होतं.

डिपस्टिक इंजिन ऑइलच्या डिपस्टिकजवळ शोधू नका, ती वेगळी. बॅटरीच्या बाजूला खाली वाकून बघा, गिअरबॉक्सच्या अंगावर खोलात आहे, टॉर्च लागेल. आजूबाजूची धूळ आधी पुसा, ती आत पडता कामा नये.

लेव्हल कमी निघाली तर नुसतं टॉपअप करून गप्प बसू नका. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, कमी झालं म्हणजे कुठून तरी गळलं. ड्राइव्हशाफ्टचे सील आणि गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरचे होज बघा.

सिटीवाला_पुणे

सापडली! काय जागा आहे राव, अर्धा हात आत घालावा लागतो. लेव्हल खालच्या खुणेच्या किंचित वर. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकला तर चहाच्या डागासारखा गडद तपकिरी, कडेला जरासा लालसर. जळका वास मात्र नाही, कण पण नाहीत. खाली कुठे गळतीही दिसली नाही.

तिकडचा_इकडचा

न्यू जर्सीत जुनी अकॉर्ड आहे माझ्याकडे, हे काम दारातच करतो, म्हणून लिहितो. वास नाही आणि कण नाहीत ही चांगली खबर. मशीनचं फ्लश बिलकुल करू नका, होंडाच्या ऑटोमॅटिकसाठी कंपनी स्वतः साधं ड्रेन आणि फिलच सांगते, म्हणजे खालचा बोल्ट काढून निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं. एका ड्रेनमध्ये साधारण अडीच लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि आतल्या नळ्यांत अडकलेलं असतं, एकूण सहाच्या आसपास भरतं. म्हणजे एकदा केलं की चाळीसेक टक्के नवं, दुसऱ्यांदा पासष्टच्या घरात, तिसऱ्यांदा ऐंशी. मध्ये थोडी गाडी चालवायची म्हणजे नवं-जुनं मिसळतं. जुन्या गिअरबॉक्सला असं हप्त्याहप्त्याने दिलेलं मला तरी बरं वाटतं, आणि नाक्यावरच्या भाऊंची भीतीही थोडी कमी होईल.

कृती थोडक्यात. गाडी कोमट असू द्या, उकळती नको, हात भाजतो. जॅकवर नुसती ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड पाहिजेतच, आणि चारही बाजू सारख्या उचललेल्या. ड्रेन बोल्टला नेहमीसारखं षटकोनी डोकं शोधू नका, त्यात चौकोनी खाच असते, ३/८ चा रॅचेट सॉकेट न लावता सरळ आत बसतो. निघालेलं ऑइल खुणा असलेल्या बाटलीत मोजा आणि तेवढंच नवं लांब नळीच्या फनेलने डिपस्टिकच्या भोकातून घाला. हळू घाला, नाहीतर परत वर येतं. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा, आणि ४९ न्यूटन मीटरला आवळा, घर अॅल्युमिनियमचं आहे, ताकद दाखवायला गेलात की आटे जातात.

बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर राखाडी लेप दिसेल, काजळासारखा, ते चालतं. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे दिसले तर फोटो काढा आणि इथे टाका, पुढचं करू नका.

ऑइलवाला

एक महत्त्वाचं राहिलं. काउंटरवर जाऊन "सिटी ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" एवढंच म्हणू नका, कुठलं हातात पडेल नेम नाही. २००८ च्या आधीची ती जुनी सिटी सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) होती, तिला एचएमएमएफ नावाचं ऑइल. २०१४ पासूनची परत सीव्हीटी, तिला एचसीएफ-२. मधली तुमची पाच गिअरची, तिला एटीएफ, म्हणजे गिअरवाल्या ऑटोमॅटिकचं ऑइल. तुमच्या मॅन्युअलमध्ये झेड-१ लिहिलेलं असेल, ते आता मिळत नाही, त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ आलं, तेच घ्या, झेड-१ मध्ये मिसळलं तरी चालतं. सीव्हीटीचं मात्र एक थेंबही नको. डब्यावरचं नाव स्वतः वाचा, पोरगं काय म्हणतंय त्याच्यावर जाऊ नका.

नाक्यावरचा

बरं बाबा, करा. पण मी सांगितलं नव्हतं म्हणू नका.

सिटीवाला_पुणे

अपडेट. ओळखीच्या एका मेकॅनिकच्या रॅम्पवर काल पहिला ड्रेन झाला. अडीच लिटरला थोडं कमी निघालं, जवळपास काळंच. चुंबकावर जाड राखाडी लेप, टोचणारं काही नाही. भरलं डीडब्ल्यू-१, मूळ लेव्हल तळाशी होती म्हणून निघालं त्यापेक्षा थोडं जास्त घालावं लागलं. ब्रेक दाबून लिव्हर सगळीकडे फिरवला, गरम करून लेव्हल बघितली, आता वरच्या खुणेच्या जरा खाली आहे. रिव्हर्स आज सकाळी लगेच लागला, धप्प आवाज हलका झालाय. थरथर कमी आहे पण आहे. दुसरा ड्रेन लगेच करू का थोडं थांबू?

पाना_आणि_पक्कड

दोन-तीनशे किलोमीटर चालवा, त्यात थोडा हायवे येऊ द्या म्हणजे लॉकअप लागेल आणि कन्व्हर्टरमधलं जुनं बाहेर येईल, मग करा. तिसऱ्या ड्रेननंतरही थरथर तेवढीच राहिली तर दोष लॉकअप क्लचच्याच पोटात, तेव्हा ऑइलवर आणखी पैसे घालू नका.

ऑइलवाला

आणि वॉशर एकदम दोन-तीन घेऊन ठेवा, आमच्याकडे नेमका तोच संपलेला असतो.