तपशील बदलला तरी चालेल, खोड बदलू नये

कथेत रचलेलं स्वतःचं प्रतिरूप पुढे नाटकात किंवा चित्रकथेत नेताना त्याचं वय, व्यवसाय, घरची माणसं सगळं तेच ठेवावं का, हा प्रश्न. बहुतेकांचं म्हणणं ‘ठेवावंच’. मला ते तितकंसं पटत नाही. तपशिलांची वही जरूर ठेवा, पण पात्र जगतं ते त्याच्या मतांवर, आणि ती मतं आपल्याहून वेगळी हवीत.

पोर्तुगीज कवी फर्नांदो पेसोआ (१८८८–१९३५) यांनी हे टोकाला नेलं. आल्व्हारो द कांपुश हा त्यांचा मानसपुत्र, म्हणजे ज्याच्या नावाने ते स्वतः लिहीत असा कल्पित कवी; ग्लासगोत शिकलेला नौका-अभियंता. त्याच्या कविता मोकळ्याढाकळ्या, काही तर चक्क आरडाओरडा करणाऱ्या. तो गद्यातही लिहायचा, पेसोआंशी मतभेद मांडायचा. १९२९ मध्ये पेसोआंच्या प्रेयसीला कांपुशच्या नावाने पत्रसुद्धा गेलं! (तिला हा गृहस्थ मुळीच आवडत नसे, ते एक असो.)

माध्यम बदललं की खरी अडचण वेगळीच येते. कथेत पात्र मनातल्या मनात स्वतःला फसवू शकतं. रंगमंचावर तेच कृतीतून दिसावं लागतं, चित्रकथेत एका चौकटीत. म्हणून सगळीकडे टिकेल अशी एखादी खोड शोधा. उदाहरणार्थ, माफी मागायची वेळ आली की विषय बदलणं. मग नाटकात तो वकील झाला काय नि चित्रकथेत शाळकरी पोर झाला काय, वाचक त्याला ओळखतो.

आणि त्या पात्राकडून तुमच्याच लिखाणावर एक खरमरीत परीक्षण लिहून घ्या. ते गुळमुळीत निघालं, तर तो अजून तुमच्यापासून सुटा झालेला नाही.