फ्लशची टाकी वाहत राहते: दोष कसा शोधला, काय बदललं?

कमोडच्या मागच्या भिंतीवरून बारीक धार चालूच राहते, कुणी फ्लश न करताही टाकी मधूनच भरू लागते, रात्री सूंऽऽ असा आवाज येतो. पुण्यात ज्यांनी हे काम स्वतःच्या हातानं केलंय त्यांनी आपल्या भागाचं नाव देऊन नेमकं लिहा.

कोथरूड

पार्ट आणायला लगेच धावू नका. आधी पाणी कुठून जातंय ते ठरवा. वाटा दोनच: टाकी जास्त भरून ओव्हरफ्लोच्या नळीतून (जास्तीचं पाणी कमोडमध्ये सोडणारी आतली उभी नळी) जातं, नाहीतर तळाच्या सीलखालून (पाणी अडवणारी चकती) पाझरतं. टाकी भरली की अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा, पाण्याच्या रेषेवर आतून पेन्सिलीची खूण करा आणि अर्धा तास फ्लश करू नका. पातळी उतरतच गेली तर सील गळतंय. खुणेवर राहिली, किंवा ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत उतरून तिथेच थांबली, तर दोष बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरल्यावर येणारं पाणी बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचा.

सील गळत असेल तर त्याच वेळी मोजूनही घ्या. मापाच्या भांड्यानं खुणेपर्यंत पाणी परत भरा. अर्ध्या तासात ३ लिटर लागलं तर दिवसाचे १४४ लिटर झाले. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजनांत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे एका माणसाचं अख्खं पाणी गटारात जातंय.

सहकारनगर

दोन बटणांच्या टाकीचं सील बदलायला पाना लागत नाही. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा, बटणाची रिंग फिरवून झाकण उचला. चिनी मातीचं झाकण जमिनीवर आडवं ठेवा, भिंतीला टेकवून उभं केलं तर घसरून फुटतं. मधला उभा व्हॉल्व्ह धरून डावीकडे पाव फेरा द्या, खटका सुटला की वर येतो. (काहींना बाजूला दोन खिट्ट्या असतात, त्या दाबाव्या लागतात.) तळाचा पाया टाकीतच राहतो.

आता खालची सिलिकॉनची किंवा रबराची चकती, म्हणजे सील, काढा आणि कडेवरून नख फिरवा. खाच लागली तर चकती गेली. बोटाला काळं लागलं तर रबर विरघळतंय. टाकीत टाकायच्या ब्लीचच्या वड्यांनी हेच होतं, त्या बंद करा. चकती दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर उलटी करून बसवा, नवी मिळेपर्यंत काम भागतं. नवी आणताना जुनी खिशात घालून न्या. व्यास मिलिमीटरनं जरी चुकला तरी पाणी थांबत नाही. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत तोंडी माप सांगितलंत तर चार चकत्या समोर ठेवतात आणि चारही सारख्याच दिसतात.

पायाची कडही बोटानं चाचपा. तिथे वाळूचा एक कण बसला असेल तर नवी चकतीसुद्धा गळेल.

वाघोली

टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत मुख्य शत्रू क्षार. पांढरा खरखरीत थर व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसतो, दांडा अर्ध्यावर अडकतो आणि सील पूर्ण टेकत नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून, रबर काढून, सगळे प्लास्टिकचे भाग तासभर बुडवा. मग जुन्या टूथब्रशनं घासा. बाथरूमचं ॲसिड टाकीत ओतू नका: आतले धातूचे स्क्रू खातं, आणि ब्लीचची वडी शिल्लक असेल तर क्लोरीन वायू सुटतो. तेल किंवा व्हॅसलीनही नको, त्यानं रबर फुगतं. ओशट लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस.

बावधन

बॉल कॉकबद्दल. त्याच्या हल्लीच्या उभ्या प्रकारात, फिल व्हॉल्व्हमध्ये, वर टोपीखाली रबराचा पातळ पडदा असतो आणि त्यात सुईच्या टोकाएवढं छिद्र. त्या छिद्रातून पडद्यामागे पाणी भरतं, त्याच्याच दाबानं पडदा बंद होतो. छिद्रात गाळ अडकला की पडदा मिटत नाही, फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) हातानं वर धरला तरी पाणी येतच राहतं. लोक फ्लोट बदलतात, आणि व्यर्थ. टोपी फिरवून काढा, पडदा धुवा, छिद्रातून पिन हलकेच फिरवा. टोपी उघडी असताना व्हॉल्व्हवर पेला उपडा धरून अँगल कॉक क्षणभर सोडा, नळीतला गाळ निघून जाईल. पाणी येतं तिथली बारीक जाळीही धुवा. महापालिका एखाद्या गुरुवारी पाणी बंद ठेवते, त्यानंतर शुक्रवारी गढूळ पाणी येतं, पावसाळ्यात तर येतंच. तेव्हा हा दोष हमखास निघतो.

वरच्या मजल्याचं वेगळं. गच्चीतली टाकी डोक्यावर दोन-तीन मीटर असेल तर दाब ०.२ ते ०.३ बार, आणि काही पडदे एवढ्यावर नीट मिटत नाहीत. तिथे साधा दांडीचा बॉल कॉक बरा. बारा मजली इमारतीत खालच्यांना ३ बारच्या वर मिळतो (दर १० मीटरला साधारण १ बार). तिथे अँगल कॉक अर्धाच उघडा ठेवला की भरतानाचा आवाज आणि हादरे कमी होतात.

पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली एक इंच हवी. फ्लोटच्या बाजूचा स्क्रू फिरवून ती बसते.

सदाशिव पेठ

बाजूला हँडल असलेल्या जुन्या प्लास्टिकच्या टाक्या अजून कितीतरी घरांत आहेत. त्यांतल्या बहुतेकींत सायफन (हँडल मारल्यावर पाणी माथ्यावरून ओढून खाली सोडणारी वाकडी नळी) असतो, तळाला सीलच नसतं, म्हणून वर सांगितलेली चकती-बिकती विसरा. कमोडमध्ये धार दिसली तर टाकी सायफनच्या माथ्यापर्यंत भरतेय, एवढाच अर्थ. फ्लोट काढून कानाशी हलवा, आत पाणी खळखळलं तर तो फुटलाय, नवा लावा. कोरडा असेल तर पितळी दांडी किंचित खाली वाकवा. तरी थांबलं नाही तर बॉल कॉकच्या तोंडाचं वॉशर बदला. हँडल दोन-तीनदा मारावं लागत असेल तर सायफनमधला पडदा फाटलाय, तो वेगळा मिळतो.

कोथरूड

एक राहिलं. नवं सील बसवूनही गळतंय आणि झाकण उचललं की थांबतंय? मग बटणाचा दांडा लांब आहे आणि तो व्हॉल्व्हला सतत दाबतोय. दांड्यावरचे आटे फिरवून बटण आणि व्हॉल्व्हमध्ये दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवा.

आणि अँगल कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर पान्यानं जोर लावू नका, दांडा तुटून पाणी घरात येईल. गच्चीवर त्या बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह असतो, तो बंद करा. त्यावर खालच्या सगळ्या मजल्यांचं पाणी असतं, तेव्हा आधी त्यांना सांगा.