मदत हवी आहे: बिननावाचं मॅच पिस्तूल, बनवलं कुणी हे कसं ओळखायचं?

रामबागकर (इंदूर)
आजोबांचं पिस्तूल आहे, स्पर्धेचं. एका वेळी एकच गोळी. लाकडी मूठ हाताच्या मापाने कोरलेली. कंपनीचं नाव नाही, देश नाही, काही नाही. वारसाच्या अर्जात 'मेक'चा रकाना आहे आणि बाबू म्हणतो, "ऐसे कैसे कंपनी नहीं है?" शुक्रवारच्या आत हवंय. फोटो धूसर आहेत, चालवून घ्या.

पितळी_टोपी
स्विस हॅमर्ली. डोळे झाकून.

जुना_नेमबाज (बडोदा)
डोळे झाकूनच सांगितलंत. हॅमर्लीवाले स्वतःचं नाव न घालता पिस्तूल विकतील का? रामबागकर, आधी हे सांगा: छऱ्याचं की पॉइंट टू-टू? मागून उघडतं कसं? ट्रिगर एक की सेट ट्रिगर?

रामबागकर
टू-टूच. छऱ्याचं असतं तर लायसन्सच्या फेऱ्या कशाला मारल्या असत्या? खालची कडी ओढली की नळीमागचा ठोकळा पुढून खाली झुकतो. एक बारीक दांडी आहे, ती दाबली की ट्रिगर नुसत्या श्वासाने सुटतो.

पितळी_टोपी
मग टोझ-३५. रशियाच्या तुला शहरातलं. महूला पाहिलंय मी, आमचे काका फौजेच्या नेमबाजी युनिटात होते.

जुना_नेमबाज
तासाभरात स्वित्झर्लंडहून रशिया! अहो, त्या झुकणाऱ्या ठोकळ्याला मार्टिनी म्हणतात. टोझ-३५ मध्ये तोच, हॅमर्ली १५० मध्येही तोच. रायफलीचा मार्टिनी ठोकळा घेऊन त्यावर आखूड नळी बसवणारे कारागीरही होते. नुसत्या ठोकळ्यावरून कंपनी ठरत नाही. सेट ट्रिगर आहे म्हणजे ५० मीटरचं फ्री पिस्तूल एवढं नक्की. त्या प्रकारात ट्रिगरच्या वजनाला मर्यादाच नव्हती.

आणि रामबागकर, रिकामं पिस्तूल चालवून बघू नका. टू-टूमध्ये घोड्याची टाचणी गोळीऐवजी नळीच्या काठावर आपटते आणि काठ चेपतो.

मालवी_मिसळ
तो प्रकार ऑलिम्पिकमधून काढला हे पापच. २०१४ ला जितू राईने इंचिऑनला त्यातच सोनं आणलं होतं. टोकियोला त्याच्या जागी काय, तर मिश्र जोडीचं एअर पिस्तूल.

पितळी_टोपी
बरं झालं काढला. तेवढं महागडं पिस्तूल कितीजणांना परवडत होतं?

नेहाची_आई
इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारते. मुलगी बारा वर्षांची आहे, इंदुरात एअर पिस्तूल कुठे शिकवतात?

कायदे_काका
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. आर्म्स ॲक्टचं कलम ८ वाचा. हत्यारावर ओळखखूण नसेल तर ती तुम्हीच खोडली असं गृहीत धरतात. तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. आजोबा गेले म्हणता, मग हे घरात कसं?

रामबागकर
घरात नाहीये! डीलरकडे जमा आहे, पावती आहे. म्हणून तर फोटो असे आले, काउंटरच्या पलीकडून काढलेत. आणि लायसन्सवर चार आकडी नंबर आहे, तो पिस्तुलावर दिसत नाही, रंग उडालाय म्हणून असेल.

जुना_नेमबाज
नंबर आहे आणि आता सांगताय? तो रंगाने जात नाही, ठोकलेला असतो. लाकडाखाली बघा. डीलरच्या मिस्त्रीकडून मूठ आणि नळीखालचं लाकूड काढून घ्या, स्वतः स्क्रू फिरवू नका. नळीच्या खालच्या बाजूला प्रूफचे, म्हणजे नळीच्या चाचणीचे, ठसे असतात. पण ठसा म्हणजे परीक्षा पास झाल्याचा दाखला, कारागिराची सही नव्हे.

पितळी_टोपी
मूठ नीट बघा, पिस्तूलवाल्या मोरिनीची असेल. तो आधी मुठीच कोरायचा.

रामबागकर
मूठ डावऱ्या हाताची आहे. आजोबा डावखुरे होते. सांगायचं राहिलं.

जुना_नेमबाज
देवा.

रामबागकर (शनिवारी)
शुक्रवार गेला. बाबूने पुढची तारीख दिली. आज मिस्त्रीने लाकूड उतरवलं. नळीखाली लायसन्सवरचाच नंबर! शेजारी छोटा मुकुट आणि त्याखाली बी-एन-पी अशी अक्षरं. कंपनी मात्र तिथेही नाही.

मुठीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, "अंगठ्याखाली अजून एक सूत घासणे." आजोबांचं अक्षर आहे, 'ख' ते तसाच काढायचे. मिस्त्री म्हणाला, लकडी शीशम की है, यहीं की. म्हणजे मूठ त्यांनीच कोरली. खाली बोटांच्या खाचांत रंधा नाही, कानसच लागलीय, ओरखडे अजून दिसतात. आजीला विचारलं तर म्हणाली, "पलंगाचा पाय मोडला होता, त्याचं."

कायदे_काका
नंबर जुळला, जिंकलात. लाकडाखालचा तो फोटो अर्जाला जोडा.

जुना_नेमबाज
बी-एन-पी म्हणजे बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, तो ठसा १९५४ नंतरचा. तेव्हा नळी तिथून तपासून आली इतकं पक्कं. बनवणारा कोण, ते लाकडाखालीही नसेल तर सुटणार नाही. मी तरी रकान्यात 'निर्मात्याचं नाव नाही, बर्मिंगहॅम प्रूफ' असं लिहून पुढे नंबर टाकीन.

पितळी_टोपी
बर्मिंगहॅम म्हणजे तिथली बंदुकांची कंपनी बीएसए. मी म्हणणारच होतो.

नेहाची_आई
माझ्या प्रश्नाचं कुणी बघेल का?