ॲक्झोलॉटलच्या कल्ल्यांवर पांढरी बुरशी, खाणे बंद : घरच्या घरी काय करता येईल?

गोदाकाठ

नमस्कार. आमच्याकडे दोन वर्षांपासून एक ॲक्झोलॉटल (आयुष्यभर पाण्यातच राहणारा, डोक्यामागे झालरीसारखे कल्ले असलेला सॅलॅमँडर जातीचा उभयचर) आहे. लांबी साधारण नऊ इंच, रंग पांढरट गुलाबी, नाव मोदक. संगणकावरच्या एका खेळात पाहून मुलीने हट्ट धरला आणि आम्ही तो पुरवला. टाकी तीन फुटी असून तिच्यात सुमारे 120 लिटर पाणी मावते.

गेले चार दिवस त्याने काहीही खाल्लेले नाही. उजवीकडच्या तीन कल्ल्यांपैकी मधल्यावर परवा मुगाच्या दाण्याएवढा कापसासारखा पुंजका दिसला; आज तो वाटाण्याएवढा झाला आहे. शेपटीचे टोक सतत वळलेले असते. नाशिकचा उन्हाळा सुरू झाला असून टाकीतले पाणी दुपारी 28 अंशांवर जाते. जवळच्या पशुवैद्यांना फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की हा प्राणी त्यांनी आजवर पाहिलेला नाही. मासे विकणाऱ्या दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली देऊन टाकीत दहा थेंब टाकण्यास सांगितले आहे. बाटली अजून उघडलेली नाही. ते औषध टाकावे का? काही ठिकाणी मिठाच्या पाण्याचा, तर काही ठिकाणी प्राण्याला थेट फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय वाचला. अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

जलपर्णी

बाटली उघडली नाहीत हे फार चांगले केलेत. ते बहुधा मिथिलिन ब्लू असावे. टाकीत टाकल्यास ते बुरशीबरोबरच फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते आणि मग दुखणे वाढते.

औषधाचे नंतर पाहू. आधी तीन गोष्टी सांगा. टेस्ट किटने पाहिल्यास अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाण्याची आम्लता) किती आहेत? फिल्टर शेवटचा कधी आणि कशाने धुतला? पाणी बदलताना कोणते पाणी वापरता? किट नसेल तर आजच आणा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचे किट घ्यावे, कारण पट्ट्यांवरचे रंग ओळखण्यात हमखास गफलत होते.

गोदाकाठ

किट आणले. अमोनिया 2 पीपीएम (दशलक्ष भागांत 2 भाग), नायट्राइट 1 आणि पीएच 8. पाडव्याला गावी जाण्यापूर्वी फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी स्वच्छ, पांढरा होईपर्यंत धुतला होता. मोदक आजारी दिसल्यापासून मात्र पाणी शुद्ध असावे म्हणून रोज एक बादली आरओचे पाणी घालत आहे.

जलपर्णी

मग दुखण्याचे मूळ सापडले. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, त्याचे आधी नायट्राइट आणि नंतर त्या मानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्या स्पंजमध्येच राहत होते, आणि नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने तुम्ही त्यांना धुऊन टाकले. स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, तेही दोन-तीनदा पिळण्यापुरताच धुवावा. तो मळकट दिसला तरी चालतो, किंबहुना तसाच दिसायला हवा.

त्यात उन्हाची भर पडली. पीएच तोच राहिला तरी 28 अंशांच्या पाण्यात अमोनियाचा विषारी अंश 18 अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे दुप्पट असतो, शिवाय कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. हा प्राणी मूळचा मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्को परिसरातल्या तळ्या-कालव्यांमधला, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंचीवरचा. त्याला 16 ते 18 अंश तापमान मानवते आणि 24 च्या वर तो झिजू लागतो. बुरशीचे बीजाणू पाण्यात नेहमीच असतात. ताण आणि इजा झालेल्या कल्ल्यावर त्यांना जागा मिळते इतकेच. त्यामुळे पुंजका घालवण्याच्या मागे न लागता पाणी सुधारा.

आरओचे पाणी तर बंदच करा. ॲक्झोलॉटलला थोडे जड, क्षार असलेले पाणी लागते. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात त्याच्या शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळणे त्याला अवघड जाते आणि आजारपणात तर अधिकच.

आता कृती. झाकण असलेला, कधीही साबण न लागलेला दहा-पंधरा लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि झाकणाला भोके पाडा. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारे बाटलीतले द्रावण) घालून ते डब्यात भरा. त्या बाटलीवर कोरफड असल्याचा उल्लेख असेल तर ती घेऊ नका, दुसरी आणा. मोदकला जाळीने न काढता पाण्याखालीच एखाद्या भांड्यात घेऊन डब्यात सोडा, कारण जाळीच्या दोऱ्यात कल्ल्यांचे तंतू अडकतात. रोज सगळे पाणी बदला. नवे पाणी आदल्या दिवशीच भरून डब्याशेजारी ठेवले, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे राहील. डबा अंधाऱ्या, शांत जागी असावा.

आजीचा_बटवा

आमच्याकडे गोल्डफिशच्या जखमेवर चिमूटभर हळद पाण्यात घालत असू आणि ती बरी होत असे. रसायनांपेक्षा हा सौम्य उपाय करून पाहण्यास काय हरकत आहे?

निवांत_कासव

हरकत आहे, आणि मोठी आहे. ॲक्झोलॉटलला खवले नसतात. त्याची उघडी, पातळ त्वचा पाण्यात जे असेल ते शोषून घेते आणि हळदीची भुकटी विरघळत नसल्यामुळे तिचे कण नेमके कल्ल्यांच्या झालरीत जाऊन बसतात. गोल्डफिशला सोसले म्हणून याला सोसेल असे मुळीच नाही. याच कारणाने माशांची तांबेयुक्त किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधेही याच्यापासून दूर ठेवावीत.

पारंपरिकच काही हवे असेल तर देशी बदामाचे वाळलेले पान डब्यात घाला. रस्त्याकडेच्या, मोठ्या पसरट पानांच्या बदामाचे, आपोआप गळून तपकिरी झालेले पान उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावे आणि फवारणी झालेल्या झाडाचे घेऊ नये. त्यातले टॅनिन बुरशीला थोडा आळा घालते आणि पाणी चहासारखे दिसू लागले तरी घाबरण्याचे कारण नसते. हा आधार आहे, इलाज नव्हे.

थंडगार

मी पुण्यात असतो. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझा एक प्राणी गेला आणि तो केवळ माझ्या घाईमुळे गेला, म्हणून लिहितो. पाणी 29 अंशांवर गेलेले पाहून मी टाकीत बर्फाच्या चार बाटल्या एकदम सोडल्या आणि तासाभरात तापमान दहा अंशांनी उतरवले. सकाळी तो उलटा तरंगत होता. तापमान दर काही तासांनी एखाद-दोन अंशच उतरवावे.

डब्याला थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. औषधाच्या दुकानात लसी येतात तसले कोरे खोके बहुधा मागितल्यावर मिळते; मासळी बाजारातले आणू नका, ते कशाने धुतलेले असेल ते सांगता येत नाही. अर्ध्या लिटरची गोठवलेली एक बाटली डब्याबाहेर, खोक्यात ठेवावी आणि दर सहा तासांनी बदलावी. नाशिकची हवा या दिवसांत कोरडी असल्यामुळे मोठ्या टाकीवर तिरका पंखा लावला, तरी पाणी तीन-चार अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती फारशी चालत नाही, कारण सगळा खेळ बाष्पीभवनाचा आहे. माठ जसा तिथे गार होत नाही, तसेच.

फ्रिजबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. 5 ते 8 अंशांत बुरशी मंदावते हे खरे, पण प्राण्याचे पचन आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. शिवाय आपल्या घरांत दिवसातून चाळीस वेळा दार उघडले जाते आणि दुधाच्या पातेल्याशेजारचा डबा दर वेळी हादरतो.

निवांत_कासव

फ्रिजबाबत थोडा मतभेद नोंदवतो. गिळलेला खडा अडकला असेल किंवा खोलीचे तापमान कशानेही आवरत नसेल, तर टप्प्याटप्प्याने थंड करून काही दिवस फ्रिजमध्ये ठेवल्याने प्राणी वाचल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मात्र इथे खोक्याने काम भागत असेल, तर त्या वाटेला जाण्याची गरज नाही.

मिठाबाबत मात्र नेमके बोलायला हवे. एक लिटर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे, आयोडीन नसलेले ॲक्वेरियमचे मीठ. स्वयंपाकघरातले किंवा सैंधव घेऊ नये. हे पाणी वेगळ्या भांड्यात, डब्याच्याच तापमानाचे असावे. प्राण्याला त्यात दहा मिनिटे ठेवायचे, समोरून हलायचे नाही, आणि तो तडफडू लागला तर त्याच क्षणी बाहेर काढायचे. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन-चार दिवस पुरे. याहून अधिक केल्यास कल्ले आणि त्वचा भाजतात. पुंजका चिमट्याने ओढून काढण्याचा मोह टाळा.

पुंजका पांढरा आणि लोकरीसारखा असेपर्यंत हे घरी करता येते. तो पिवळट-करडा आणि चपटा दिसू लागला, त्वचेवर लाल चट्टे आले किंवा कल्ल्याचा देठच कुजू लागला, तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. त्याला प्रतिजैविक लागते आणि त्याची मात्रा वजनावरून पशुवैद्यानेच ठरवावी लागते. पक्षी, कासवे, सरडे पाहणारे डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. आणखी एक, हा प्राणी साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे. 2022 च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. केली नसेल तर तेही पाहून घ्या.

गोदाकाठ

आज तिसरा दिवस आहे. डबा खोक्यात असून पाणी 19 अंशांवर स्थिर आहे. आठवडाभर सासूबाईंचे लोणच्याचे फडताळ मोदकला मिळाले आहे, कारण घरातला सर्वांत अंधारा कोपरा तोच. मिठाच्या पाण्यात तो पहिल्या दिवशी सहा मिनिटे शांत होता, सातव्या मिनिटाला शेपूट आपटू लागला, म्हणून काढला. काल आणि आज दहा मिनिटे राहिला. पुंजका निम्म्यावर आला आहे, शेपटीचे टोक सरळ झाले आहे. मात्र गांडूळ तोंडात घेतले आणि लगेच थुंकले. ते गांडूळखताच्या वाफ्यातून आणले होते. हे आजाराचे लक्षण समजावे का?

जलपर्णी

नाही, तो चवीचा प्रश्न आहे. खताच्या वाफ्यातली लालसर गांडुळे डिवचल्यावर पिवळट, कडू स्राव सोडतात आणि पुष्कळ ॲक्झोलॉटल ती थुंकून टाकतात. कीटकनाशक न मारलेल्या कुंडीतले किंवा परसातले मातकट रंगाचे गांडूळ धुऊन, इंचभर तुकडे करून चिमट्याने तोंडासमोर हलवा. घेतले नाही तरी चिंता नको. मोठा प्राणी थंड पाण्यात दोन आठवडे उपाशी राहू शकतो. मीठ उद्यापासून थांबवा.

गोदाकाठ

नववा दिवस. पुंजका नाहीसा झाला आहे. त्या कल्ल्याची झालर मात्र झडली असून देठ उघडा, तुळशीच्या काडीसारखा दिसतो. आज त्याने बागेतल्या गांडुळाचे दोन तुकडे गिळले आणि तिसरा तोंडातून लोंबकळत ठेवून बसून राहिला. टाकीतला अमोनिया अजून 0.5 दाखवतो. टाकीत कधी सोडावे?

जलपर्णी

झालर पुन्हा येईल, त्याला काही आठवडे लागतील. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसेपर्यंत तो डब्यातच राहू द्या. तोवर टाकीत जिवाणू वाढण्यासाठी अन्नाची बारीक चिमूट रोज टाकत राहा, फिल्टर बंद करू नका, आणि ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा. लोंबकळणारा तुकडा तासाभरात गिळला नाही, तर काढून टाका.