प्रति: प्रशिक्षण वर्गात का उतरत नाही?

'प्रशिक्षण छान होतं, पण आठवड्याभरात सगळं विरून जातं' हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दलचा मुद्दा अगदी खरा आहे. एका दिवसात दहा तंत्रं ओतली जातात आणि नंतर वर्गात कुणी डोकावत नाही. त्यापेक्षा एकच तंत्र धरा, उदाहरणार्थ प्रश्नानंतरची शांतता. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात. ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात.

सहकाऱ्याला १५ मिनिटं मागच्या बाकावर बसवा. त्याने दोनच रकाने भरायचे: किती सेकंद थांबलात, उत्तर कुणी दिलं. शेरा नको, गुण तर नकोतच! मूल्यमापनाचा वास आला की ठेवणीतला पाठ घेतला जातो आणि निरीक्षण फुकट जातं.

चूक बहुधा इथे होते: शांतता सहन होत नाही, म्हणून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो आणि मुलांचा विचार तुटतो. शिवाय नाव आधी घेतलं की बाकीची मुलं सुटतात. आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. नोंदींवर त्याच दिवशी बोला, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा.