दूरच्या लिनक्स सर्व्हरवर ग्राफिकल डेस्कटॉप चालू आहे का, हे कसे ओळखावे?

सांगलीकर:
आमच्या अडत दुकानाचा हळदीचा हिशोब ज्या सर्व्हरवर आहे, तो तासगावच्या गोदामात असून त्याला मॉनिटर जोडलेला नाही. मी सांगलीतून एसएसएचनेच (दूरच्या संगणकावर कमांड देण्याची सोय) त्यावर काम करतो. उबुंटू सर्व्हर, ४ जीबी मेमरी. आधीच्या माणसाने त्यावर डेस्कटॉप बसवला होता असे ऐकतो, आणि मेमरी सतत भरलेली दिसते. ‘एको डॉलर डिस्प्ले’ दिल्यास रिकामी ओळ येते, तर ‘सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट’ मात्र ‘ग्राफिकल डॉट टार्गेट’ दाखवते. यांतले खरे कोणते मानावे?

कृष्णाकाठ:
दोन्हींवर विसंबू नका. डिस्प्ले हे व्हेरिएबल आपल्या सत्रापुरते असते. साध्या एसएसएच सत्रात ते रिकामेच राहते, मग गोदामात पडद्यासमोर कोणी पत्ते खेळत बसलेला का असेना. एक्स फॉरवर्डिंग (तिकडच्या प्रोग्रॅमची खिडकी आपल्या पडद्यावर आणणे) लावून आत गेलात तर ‘लोकलहोस्ट:१०.०’ असे काही दिसेल, पण तोही डेस्कटॉपचा पुरावा नव्हे. टार्गेट, म्हणजे सर्व्हरने सुरू होताना कोणती अवस्था गाठायची ती नोंद, त्याहून फसवे आहे, कारण उबुंटू सर्व्हरवर डेस्कटॉप मुळीच नसला तरी ते ग्राफिकलच असते. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’ देऊन पाहा. असे युनिट (सेवा) नाही म्हणाला, तर लॉगिनचा पडदा दाखवणारे तिथे काही नाही.

मिरजवाला:
वरील उत्तराला एक पुस्ती. व्हीएनसीवरचा (दुरून पाहता येणारा) डेस्कटॉप डिस्प्ले मॅनेजरशिवायही, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या सेवेशिवायही चालतो, म्हणून ‘पीएस’ने दिलेल्या चालू प्रोग्रॅमच्या यादीत एक्सऑर्ग (पडद्यावर चित्र काढणारा), एक्सव्हीएनसी (व्हीएनसीचा) आणि नोम-शेल (नोम या डेस्कटॉपचा) ही तिन्ही नावे शोधावीत. एक्सऑर्गच्या जागी वापरली जाणारी नवी पद्धत वेलँड असल्यास एक्सऑर्ग दिसणार नाही, तेवढ्यावरून डेस्कटॉप नाही असे समजू नये.

सांगलीकर:
आभारी आहे. जीडीएम (नोमचा डिस्प्ले मॅनेजर) ‘ॲक्टिव्ह’ निघाला. कोणीही लॉगिन केलेले नसताना, केवळ लॉगिनच्या पडद्यासाठी, नोम-शेल चालू आहे आणि ‘टॉप’मध्ये ते दीडशे एमबीच्या आसपास दिसते. पण एवढ्याने ४ जीबी कशी भरेल?

कृष्णाकाठ:
भरणार नाही. ‘फ्री’ या कमांडच्या उत्तरात आपण बहुधा ‘फ्री’ हाच रकाना पाहत असाल. लिनक्स मोकळी मेमरी डिस्कवरच्या फायलींच्या कॅशेला (पटकन मिळाव्यात म्हणून ठेवलेल्या प्रतींना) वापरतो आणि गरज पडताच सोडतो, म्हणून ‘अव्हेलेबल’ हा रकाना वाचावा. डेस्कटॉप नकोच असेल तर ‘सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर डॉट टार्गेट’ सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) द्या आणि दुकान बंद झाल्यावर सर्व्हर रीबूट करा. पॅकेजेस मात्र घाईने काढू नका. काढताना सोबत आणखी काय जाणार आहे ती यादी आधी नीट वाचा, नाहीतर तासगावची एक खेप ठरलेलीच.