मदत हवी आहे: बाबांचा ब्रुकलिनचा पोलीस चॅनेल गप्प झाला, आता त्यांना काय ऐकवू?

नमस्कार. मी मुरगावला सड्यावर राहते. प्रश्न रेडिओचा आहे आणि मला त्यातलं फारसं कळत नाही, तेव्हा शब्द चुकला तर सांभाळून घ्या. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर एकदा पैसे घालवून झाले आहेत.

माझे बाबा मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. १९७४ साली पहिली बोट. १ फेब्रुवारी १९९९ ला जहाजांसाठी नवी संकटसंदेश यंत्रणा पूर्ण लागू झाली, मोर्सची सक्ती संपली आणि बाबा कायमचे घरी आले. त्यांच्या एका बोटीच्या रेडिओ रूममधलं घड्याळ अजून आमच्या बसायच्या खोलीत आहे. बोट भंगारात जाताना कप्तानाने दिलेलं. तबकडीवर दोन लाल पट्टे, दोन हिरवे. लाल पट्टे १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांवर: तेवढ्या वेळात मोर्सच्या संकटसंदेशांसाठीच्या ५०० किलोहर्ट्झ फ्रीक्वेन्सीवर जगातल्या सगळ्या बोटींनी गप्प बसायचं आणि नुसतं ऐकायचं. हिरवे पट्टे तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या पुढची तीन-तीन मिनिटं, ती २१८२ किलोहर्ट्झसाठी, म्हणजे तोंडी संकटसंदेशांसाठी. कुणी संकटात असेल, त्याची बॅटरी संपत आली असेल, तर त्याचा बारीकसा आवाज त्या शांततेत कानावर पडावा म्हणून. काटा लालमध्ये शिरला की मी आणि ताई तोंडावर बोट ठेवून बसायचो, खेळ म्हणून. बाबा मात्र खरोखर गप्प होत.

ताई २०१६ पासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका इस्पितळात नर्स आहे. तिची पाळी रात्री अकराला सुटते आणि ती पुढे ट्रेनने घरी जाते. तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ, थंडीत साडेनऊ. माझ्या मुलाने बाबांच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. तिकडचे हौशी लोक आपल्या घरच्या स्कॅनरवर पोलिसांचा रेडिओ पकडतात आणि तोच आवाज इंटरनेटवर सोडतात. झालं, बाबांची सकाळ ठरून गेली. चहा, पाव, कानाला हेडफोन, मांडीवर रेघांची वही. ताईचा ‘पोचले’ असा मेसेज येईपर्यंत ऐकायचं. पहिल्या आठवड्यातच आनंदाने मला हाक मारून म्हणाले, “अगं, हे लोक बोलणं संपलं की ‘के’ म्हणतात! आमचाच के!” मोर्समध्ये डॅश-डॉट-डॅश म्हणजे के, ‘आता तू बोल’. न्यूयॉर्कचे पोलीस अजून तोच के तोंडाने म्हणतात, हे त्यांना सड्यावर बसून सापडलं. वहीत वेळ ग्रिनिचची, पेन्सिलने, पुढे दोन-तीन शब्द. कुणाचं नाव किंवा पत्ता त्यांनी कधीच लिहिला नाही. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचा घर नंबर, वय, आजार, सगळं भराभर सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी हेडफोन काढून बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे. म्हणाले, “आम्ही परवाना घेताना गुप्ततेची शपथ घेतली होती.”

जुलै २०२३ मध्ये त्या भागातल्या काही ठाण्यांचे चॅनेल बंद पडू लागले. बाबांना वाटलं, दोष आपल्याकडचा. चार्जर बदलला, राउटर माजघरातून बाहेर आणवला, नेटवाल्याला दोनदा बोलावलं. पुढे एकेक करून सगळेच गेले. आता अ‍ॅप चालू असतं, आकडे हलतात, आवाज नाही. परवा घड्याळाकडे बघत म्हणाले, “काटा लालमध्येच अडकला बघ.” ताई म्हणते, मी आधीसारखीच घरी पोचते, त्यांना सांग. सांगते. पण त्यांचा जीव माहितीवर नाही, आवाजावर आहे. सकाळी वही उघडतात आणि बंद करतात.

पैशांचंही सांगते. ऑनलाइन एका विक्रेत्याने ‘लॉक झालेले चॅनेल उघडणारं सॉफ्टवेअर’ म्हणून साडेचार हजार आगाऊ घेतले. फाईल आली, ती कुठल्याच कंप्युटरवर चालली नाही, पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं. शिवाय भाच्याने पेनड्राइव्हएवढा एक रिसीव्हर आणून ठेवला आहे. त्याचा मित्र म्हणतो, याच्यावर आपल्याकडच्या पोलिसांचंही ऐकता येतं, आजोबांना तेच लावून द्या. मला ते बरोबर वाटत नाही, म्हणून डबा अजून उघडलेला नाही.

तर माझे प्रश्न असे. ते चॅनेल खरंच कायमचे गेले का, की आमचंच काही चुकतंय? उघडण्याचा कुठला सरळ मार्ग आहे का? आणि नसेल तर ७५ वर्षांच्या या माणसाला घरबसल्या, कायद्यात राहून, काय ऐकवता येईल? गाणी आणि बातम्या नकोत. त्यांना दोन माणसं एकमेकांशी कामाचं बोलताना ऐकायची सवय आहे.

प्रतिसाद: हडसनकाठ

ताई, तुमचं काहीच चुकलेलं नाही. मी मूळचा डिचोलीचा, न्यू जर्सीत राहतो आणि स्कॅनर बाळगून आहे, म्हणून सांगू शकतो. न्यूयॉर्क पोलिसांचा रेडिओ १९३२ पासून लोकांना ऐकू येत होता. जुलै २०२३ मध्ये त्यांनी ब्रुकलिनपासून नवी एन्क्रिप्टेड यंत्रणा बसवायला सुरुवात केली. या कामाचा खर्च सुमारे ३९ कोटी डॉलर सांगितला गेला.

इथे लोकांची एक गल्लत होते, ती तुमच्या विक्रेत्याने वापरून घेतली. डिजिटल होणं वेगळं आणि एन्क्रिप्ट होणं वेगळं. नुसता डिजिटल आवाज चांगल्या स्कॅनरला उलगडता येतो, कारण त्याची पद्धत जाहीर असते. एन्क्रिप्शन म्हणजे त्यावर कुलूप. आतली किल्ली त्या त्या पोलिसाच्या वॉकीटॉकीत भरलेली असते, आणि एईएस-२५६ या सांकेतिक पद्धतीसारखं पक्कं कुलूप असेल तर किल्लीशिवाय ते उघडत नाही. माझा महागाचा स्कॅनरही तिथे गप्प बसतो. कुणी ‘उघडून देतो’ म्हणाला तर तो फसवतोय, एवढं पक्कं धरा. आणि खरंच उघडता आलं असतं तरी तो गुन्हाच आहे, इथेही आणि तिथेही.

पोलिसांची बाजूही मला पटते. तुमच्या बाबांनी हेडफोन काढून ठेवला, त्याच कारणासाठी कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये पत्र काढलं होतं की लोकांची खासगी माहिती उघड्या रेडिओवर जाता कामा नये. पण त्यासाठी सगळं बंद करावं लागतं असं नाही. कॅलिफोर्नियातल्याच पालो आल्टो शहराच्या पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये सगळं एन्क्रिप्ट केलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परत उघडं केलं. नाव, लायसन्स नंबर असा खासगी भाग तेवढा दुसऱ्या वाटेने सांगायचा, बाकी बोलणं उघड्यावर. शिकागोने अर्ध्या तासाच्या उशिराने आवाज द्यायचं ठरवलं. पत्रकारांना त्यात अर्थ नाही, आग विझल्यावर पोचून काय करणार? आमच्यासारख्या हौशींनाही ते शिळं अन्न वाटतं. खासगी भाग झाकून बाकीचं खुलं ठेवणं मला सगळ्यांत योग्य वाटतं. पोलीस रस्त्यावर काय करतायत हे गावाला कळायला हवं.

२०२३ मध्ये बंद होऊ लागले ते पोलिसांचे चॅनेल. अग्निशामक दलाचे त्यात नव्हते. अ‍ॅपमध्ये ब्रुकलिनच्या फायर डिस्पॅचचं नाव शोधून बघा. तेवढ्याने सकाळ अगदीच सुनी जाणार नाही.

प्रतिसाद: फोंड्याचा वायरलेसवाला

त्या डब्याला हात लावला नाहीत हे फार बरं केलंत. आपल्याकडे पोलिसांचा रेडिओ ऐकणं हा छंद नाही, गुन्हा आहे. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ मध्ये बेकायदा संदेश चोरून ऐकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नुसतं वायरलेस यंत्र जवळ बाळगायलाही १९३३ च्या कायद्यापासून परवाना लागत आला आहे. २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांवर विनापरवाना वॉकीटॉकी विकण्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या उगीच नाहीत. भाच्याच्या मित्राला हे समजावून सांगा.

पण तुमच्या बाबांना पोलीस हवेतच कशाला? हॅम रेडिओ आहे ना, परवाना घेऊन हौसेने एकमेकांशी बोलणाऱ्यांचा! आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की दोन देशांतल्या हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करायचा नाही. तिथे कुलूप कधी लागणारच नाही. आणि ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला रोज रात्री मोर्सच मोर्स चाललेलं असतं, तेही माणसं हाताने कळ दाबून करतात ते.

आजपासून सुरुवात करायची तर यंत्रच नको. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे घरबसल्या फिरवता येणारा तिकडचा रिसीव्हर, इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे. ब्राउझरमध्ये उघडायचा, ७०१० किलोहर्ट्झच्या आसपास जायचं, सीडब्ल्यू म्हणजे मोर्सचा पर्याय निवडायचा. आपल्याकडे रात्री दहानंतर तिकडे संध्याकाळ उतरलेली असते, तेव्हा छान लागतं.

दुसरं, हे त्यांना माझ्याकडून सांगाच. कॅलिफोर्नियात पॉइंट रेयस इथे केपीएच हे जहाजांशी मोर्सने बोलणारं जुनं किनारा केंद्र स्वयंसेवकांनी जिवंत ठेवलं आहे. अमेरिकेतला शेवटचा व्यावसायिक मोर्स संदेश १२ जुलै १९९९ ला गेला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी ते जुन्या जहाजी फ्रीक्वेन्सींवर परत प्रसारण करतात. आपल्या वेळेने १३ जुलैची पहाट, साडेपाच. तिथले रिसीव्हरही इंटरनेटवर ऐकता येतात. १२८०८.५ किलोहर्ट्झ म्हटलं की ते स्वतःच पुढचं सांगतील.

आणि हॅमचा परवाना काढा, वयाची वरची अट नाही. १९७८ च्या नियमांखाली दोन श्रेणी आहेत. जनरलला मोर्स लागतं, मिनिटाला आठ शब्द, रिस्ट्रिक्टेडला लागत नाही. बाबांच्या हाताला आठ शब्द म्हणजे झोपेतलं काम. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो, त्यांचं जुनं रेडिओ ऑफिसरचं प्रमाणपत्र सोबत जोडा. तो पेनड्राइव्ह रिसीव्हरही परवाना हातात आला की मगच उघडा. पुढे गच्चीवर अँटेना बांधलीत तर एक लक्षात ठेवा: सड्याचा खारा वारा तांब्याचे जोड एका पावसाळ्यात हिरवे करून टाकतो. प्रत्येक जोडावर रबराची पट्टी घट्ट गुंडाळा, आणि ढग दाटून आले की वीज कडाडायच्या आधीच वायर काढून खिडकीबाहेर टाका.

प्रतिसाद: चोर्ला घाट

अवांतर लिहितो, राहवत नाही. १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सरदेसाई यांनी गोवामुक्तीसाठी सीमेवरच्या रानातून भूमिगत रेडिओ चालवला. आमचे आजोबा सत्तरी तालुक्यातल्या घरी दार लावून, रेडिओवर घोंगडी टाकून तो ऐकत. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या आजीने ती घोंगडीची गोष्ट परत सांगितली. तुमचे बाबा तेव्हा पाच-दहा वर्षांचे असतील. विचारून बघा, त्यांच्याही घरी कुणी ऐकत होतं का.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वायरलेसवाल्या दादांनी सांगितलं तसं लॅपटॉपवर लावलं. आधी नुसती सरसर. मुलाने आकडा थोडा खाली-वर केला आणि एक बारीक टिटिट निघाली. बाबा खुर्चीत होते, उठून टेबलाशी आले. वही मागितली नाही, स्वतःच ओढून घेतली. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. डोळे खिडकीबाहेर, बंदरातल्या दिव्यांकडे, आणि पेन्सिल आपली चालली आहे, सगळी मोठी अक्षरं, कुठेही न थांबता. पंचवीसहून जास्त वर्षांनी. इटलीतला कुणी तरी पोलंडमधल्या कुणाला तरी स्वतःच्या गावच्या पावसाचं सांगत होता. शेवटी त्याने के दिला आणि बाबांनी तो के वहीत लिहून त्याच्याभोवती गोल काढला. साडेअकरापर्यंत झोपायचं नाव नाही.

ताईला फोटो पाठवला. तिने तिकडून रडणारा चेहरा पाठवला आणि पुढे ‘पोचले’.

केपीएचचं सांगितल्यावर म्हणाले, आमचं रोजचं केंद्र मुंबई, व्हीडब्ल्यूबी, पण पॅसिफिकमध्ये असताना केपीएचच. १३ जुलैला गजर लावायला सांगितला आहे. घोंगडीचंही विचारलं. म्हणाले, “घोंगडी नाही, आमच्याकडे आईची गोधडी होती.” हे मला आजवर माहीत नव्हतं.

फायर डिस्पॅचही सापडलं, सकाळी तेवढं ऐकतात. परवान्याचंही मनावर घेतलं आहे, म्हणून एक शेवटचा प्रश्न. त्यांचा जन्मदाखला पोर्तुगीज काळातला, त्यात आडनाव पोर्तुगीज धाटणीने लिहिलेलं आहे. रेडिओ ऑफिसरच्या प्रमाणपत्रावरही तेच. आधारवर मात्र आताचं स्पेलिंग. अर्जात कुठलं घालू?

फोंड्याचा वायरलेसवाला

आधारवरचं घाला. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि प्रमाणपत्राच्या मागोमाग जोडा. गोव्यात निम्म्या लोकांना हे करावंच लागतं, नोटरीकडे मजकूर तयार असतो. आणि बाबांना विचारा, हाताची कळ अजून आहे का घरात?

धागाकर्ती

आहे. कपाटात, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. आत्ता विचारायला गेले तर ते ती पुसतच बसले होते.